बेवडेमामांची चाल

बेवडेमामांनी जन्मात दारूचा थेंब घेतला नाही, आणि त्यांच्याइतका झकास झिंगणारा माणूस मी पाहिला नाही. नव्वद सालानंतर काही वर्षं आम्ही दोघं सिनेमात गर्दीची कामं करायचो. भाईंदरच्या फाटकापाशी सकाळी माणसं पुरवणारा यायचा आणि पहिली हाक मारायचा, "बेवडा किधर है?" मामा पुढे व्हायचे. त्यांचं खरं नाव विचारायची कुणाला गरजच पडली नाही.

मामा नांदेडकडचे. घरी बुद्धवंदना झाल्याशिवाय चहा घ्यायचे नाहीत. त्यातलं नशा न करण्याचं पाचवं शील जरा मोठ्यानं म्हणायचे, कारण बापानं दारूपायी आधी बैल विकले, मग घर, आणि शेवटी जीव घालवला. "ताई, झिंगायला प्यावं लागत नाही," ते मला म्हणायचे, "लहानपणी बघितलेलं असलं की झालं." उजवा पाय ओढत, खांदा भिंतीला घासत चालायची ती तऱ्हा बापाची होती. लोक हसायचे.

आई मात्र हसली नाही. गावच्या जत्रेत तंबूत एक सिनेमा लागला आणि म्हातारीनं पडद्यावर नवऱ्याची चाल पाहिली, पोराच्या अंगात. मामा धावत गावी गेले, "आई, ते खोटं असतंय," म्हणाले. ती म्हणाली, "तुजा बापबी हेच म्हनायचा. मी पेलोच न्हाई."

मग तो अफूचा सिनेमा आला. जुन्या काळातला एक सरदार अख्खं गाव अफूच्या नादी लावतो, अशी गोष्ट. गाव उभारलं भाईंदरजवळच्या मुर्धा गावाच्या बंद पडलेल्या मिठागरात. माणसं निवडायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. गोरे वाड्यात, काळे गटारात. मी गोरी, म्हणून माझ्या हातात सरदारणीचं पानदान. मुर्धा आणि शेजारच्या राई गावातल्या बाया रडायला. मामा अर्थातच अफूबाज.

पण त्यात एक प्रसंग होता. सरदार अफूची गोळी पुढे करतो आणि एक गावकरी ती त्याच्या पायाशी टाकतो, "मी नाही घेणार." त्या वाक्यासाठी मामांनी दिग्दर्शकाचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. साहेब शेवटी हसून म्हणाले, "चलो, दे दो बेवडे को." मामांनी ते वाक्य असं म्हटलं, की मी पानदान पुढे करायचं विसरले. त्याच दुपारी त्यांना गटारातही झोपवलं, कारण गटारात माणूस कमी पडत होता. मामा आनंदानं झोपले.

सिनेमा भाईंदरच्या थेटरात लागला तेव्हा त्यांनी आईला गावाहून आणलं. मलाही बोलावलं. तो प्रसंग आला. गोळी फेकली एका गोऱ्या, घाऱ्या डोळ्यांच्या पोरानं. साहेबांनी मागाहून पुन्हा चित्रण केलं होतं. ज्याचं वाक्य कापलं त्याला कळवायची रीत नव्हती. मग पडद्यावर गटार आलं आणि त्यात मामा, पडदाभर तोंड दिसेल इतक्या जवळून. थेटरात कुणीतरी शिट्टी मारली. सिनेमात मातीतले अस्सल चेहरे घेतले म्हणून पेपरांनी त्या दिग्दर्शकाचं कौतुक केलं. मी अजून त्याला शिव्या घालते.

मामा आज नाहीत, आईही नाही. ती त्या वर्षीच गेली. पण थेटराबाहेरची ती संध्याकाळ माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.  आईनं बघावं म्हणून मामा पुढे होऊन चालायला लागले, ताठ, एकेक पाऊल सरळ टाकत. म्हातारी त्यांच्या पायांकडे बघत राहिली. मग माझा हात धरून हळूच म्हणाली,

"घर जवळ आलं की त्येचा बापबी असाच सरळ चालायचा."