तेरसाची पालखी आणि मंडणगडचा कार्यक्रम

रत्नागिरी सोडताना गाडीत आम्ही चौघे होतो आणि सामान त्याच्या दुप्पट माणसांचं. माझी मुलगी मुक्ता गाते आणि गिटार वाजवते, ऋग्वेद बेस गिटार वाजवतो आणि संदेश ड्रम. या तिघांच्या बँडचं नाव इथे लिहीत नाही. आता ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि मी लिहितो आहे तो प्रवास त्याआधीचा आहे. त्या शिमग्यात त्यांनी एकाही मंडळाला नाही म्हटलं नव्हतं. क्रिकेटचे सामने असोत, सत्यनारायणाची पूजा असो, कुणाच्या मैदानाचं उद्घाटन असो, बोलावतील तिथे सामान उतरवायचं, वाजवायचं आणि पुन्हा चढवायचं. आज वार कोणता, हे तिघं एकमेकांना विचारत. नेहमीचा ड्रायव्हर शिमग्याला स्वतःच्या गावी निघून गेला, म्हणून पतसंस्थेत रजा टाकून स्टिअरिंगवर मी बसलो.

निघण्याआधी मी टायरची हवा पाहिली, सामान दोन्ही बाजूंना सारख्या वजनाचं लावून घेतलं आणि रस्त्यातले पेट्रोलपंप विचारून ठेवले. तरी आरे-वारेच्या चढावर हॉर्न अडकला. मालगुंडपर्यंत आम्ही वाजत गेलो. रस्त्याकडेच्या बायका वरात समजून बाहेर येत आणि आत नवरा-नवरी न दिसल्यामुळे परत जात. शेवटी ऋग्वेदने वायर काढली. हसणं तेवढंच झालं. पुढे सडा (कातळाचं माळरान) लागला. गवत वाळून पांढरं पडलेलं आणि मधे मधे पेरणीआधी जमीन भाजतात त्या भाजावळीचे काळे चौकोन. उन्हात काहीही हलत नव्हतं.

जयगडला कार्यक्रम क्रिकेटच्या मैदानावर होता. मागे बंदराच्या क्रेन दिसत होत्या. बंदरातल्या कामावरून सुटलेली माणसं तशीच डबा हातात घेऊन ऐकायला बसली. कार्यक्रम बरा झाला. आवराआवर करताना संदेशने मुक्ताला सहज विचारलं, "मंडणगड कधी?"

"परवा."

"परवा?" त्याने झांज पिशवीत घालता घालता तशीच हातात धरली. "मला वाटलं, त्याच्या पुढल्या आठवड्यात."

मुक्ता म्हणाली, "तूच सांगितलंस ना, तुमच्याकडे पालखी होळीनंतर तिसऱ्या दिवशी येते. मी पौर्णिमेपासून मोजलं. मंडणगड करून तू आरामात घरी पोचतोस."

"आमची होळी पौर्णिमेची नाय," संदेश म्हणाला. "आमचा तेरसा शिमगा."

हे बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्या जिल्ह्यात काही गावं पौर्णिमेला होळी लावतात, त्यांचे भद्रे शिमगे. काही गावं दोन दिवस आधी त्रयोदशीला लावतात, ते तेरसे. मग ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते, आणि कोणत्या घरी ती कोणत्या दिवशी यायची हे ठरलेलं असतं. मुक्ता शहरात वाढली. तिने भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. संदेशने आपल्या गावाची होळी धरून सांगितलं. दोघंही खरंच बोलले होते, आणि पालखी मंडणगडच्याच दिवशी त्यांच्या खळ्यात (अंगणात) येत होती.

संदेशच्या घराकडे पालखीपुढच्या ढोलाचा मान आहे. वडील वाजवायचे. दिवाळीत त्यांचा डावा हात लुळा पडला, तेव्हापासून ते घरीच होते. या वर्षी मुलगा वाजवणार, असं गावात सांगून झालं होतं. त्या घराचा हात ढोलाला लागला नाही, तर मान चुलत्याच्या घरात जाणार होता.

मंडणगडचा कार्यक्रमही सोडण्यासारखा नव्हता. गाण्यांच्या एका मुंबईच्या कंपनीतले गृहस्थ शिमग्याला तिथल्या आपल्या गावी आले होते. ते मैदानावर येऊन ऐकणार होते आणि दुसऱ्या दिवशी परत जाणार होते.

सकाळी जयगडहून तवसाळला जाणाऱ्या फेरीबोटीवर गाडी चढवली. तिकीट फाडणारा आत डोकावून म्हणाला, "एवढा सामान? नवरी खय लपवलाव?" कुणी हसेना, तेव्हा तोच म्हणाला, "मयताला चाललाव काय रे?"

बोट सुटायच्या आधी मुक्ता संदेशला म्हणाली, "उतर तू. चूक माझी आहे. आम्ही दोघं करू काहीतरी."

"ड्रमशिवाय काय करशील? भजन?"

"भजन करीन. उतर म्हणते ना."

तो उतरला नाही. कठड्याला टेकून मागे सुटत जाणाऱ्या जयगडच्या काठाकडे बघत राहिला. त्याचं गाव त्याच काठाने आत, खाडीच्या वळणापलीकडे होतं. मी त्याच्याजवळ गेलो. "घरी फोन केलास?"

"आयेशी बोललो. बापूस बाजूलाच बसलेला, पण फोनवर आला नाय."

"ती काय म्हणाली?"

"म्हणाली, तुझा तू बघ." मग तो म्हणाला, "काका, ती असं बोलत नाय कधी."

पुढे गुहागर तालुका, धोपाव्याला दुसरी फेरीबोट, दाभोळ, आणि दुपार कलताना हर्णे. किनाऱ्यावर लिलाव सुरू होता. बैलगाड्या पाण्यात शिरून होड्यांवरचा माल उतरवत होत्या, वाळूवर सुरमई आणि कोळंबीचे ढीग पडले होते. एका कोळणीने ऋग्वेदच्या लांब केसांकडे पाहून विचारलं, "काय गो बाय, पापलेट देऊ?" तो लाजला आणि तिच्याकडूनच मांदेली घेऊन आला. ती एका खानावळीत तळून घेतली. तांदळाची भाकरी गरम होती. संदेशने अर्धी टाकली.

हर्ण्याचा कार्यक्रम मला आवडला नाही. मला संगीत कळत नाही, पण एखादा माणूस काम उरकतो आहे हे कळतं. मुक्ताचा आवाज सलग कार्यक्रमांनी बसला होता. ऋग्वेद उभ्या उभ्या पेंगत होता. संदेश वेळेवर वाजवत होता, पण घड्याळ वाजवतं तसं. प्रसिद्धीच्या आधीचे दिवस फार आनंदाचे असतात, असं पुढे मुलाखतींमधून मी वाचलं. मी पाहिलेल्या दिवसांत तिघांचे डोळे लाल होते आणि कपडे ओलसर.

सकाळी संदेशला मी सरळ म्हणालो, "इथून दापोलीला सोडतो. तिथून एसटी धरलीस तर पालखीआधी पोचशील."

"आणि तो मुंबईवाला?"

"त्याचं आम्हाला बघू दे."

"काका, मुक्ताने किती वर्षं गावोगाव घसा फोडलाय, तुम्ही बघितलाव ना?"

मी बघितलं होतं. गाडी मंडणगडच्या घाटाला लावली. डोंगर उघडे होते, पळसाची फुलं गळून रस्त्यावर चिरडली होती. संदेश खिडकीकडे तोंड करून मांडीवर बोटांनी ताल धरत होता आणि मधेच थांबवत होता.

मंडणगडला ऊन उतरायच्या आत मैदान भरलं. मुंबईचे गृहस्थ पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर, अंगात धुळवडीचा रंग लागलेला शर्ट. पहिली गाणी झाली. त्यांनी दोनदा फोन पाहिला. मग मुक्ता पाणी प्यायला थांबली असताना संदेशने काठ्या बदलल्या आणि एकट्याने वाजवायला सुरुवात केली. मला वाटलं, तो वेळ भरून काढतो आहे. पण पुढे बसलेला एक म्हातारा उठला आणि त्याने चपला काढून बाजूला ठेवल्या. मग शेजारच्यांनी काढल्या. तो पालखीचा ताल होता. त्या वेळी पालखी संदेशच्या खळ्यात आली असणार, हे मैदानात आम्हा चौघांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. तरुण पोरं उठली, रिकामे हात खांद्यावर धरून पालखी नाचवल्यासारखी नाचू लागली. मुक्ताने बसलेल्या आवाजातच त्यावर गाणं उचललं.

गृहस्थांनी फोन खिशात टाकला. कार्यक्रम संपल्यावर ते मंचावर चढून म्हणाले, "बाकी काही नको. हेच करायचं. पुढच्या आठवड्यात मुंबईला या." मुक्ताने संदेशला मिठी मारली. त्याने विचारलं, "सामान आत्ताच बांधायचं ना?"

परत येताना जयगडला उतरून आम्ही गाडी त्याच्या गावाकडे वळवली. पालखी पुढच्या वाडीत गेली होती, ढोल लांबून ऐकू येत होता. खळ्यात गुलाल पडला होता. वडील पडवीत खाटेवर पडले होते. उजव्या खांद्याला गरम फडकं बांधलेलं होतं. संदेशने पायाला हात लावला.

"जेवलास काय?"

"व्हय."

एवढंच झालं. आईने मला बाजूला घेऊन सांगितलं. पुतण्याने, म्हणजे त्या चुलत्याच्या मुलाने, ढोल गळ्यात घेतला आणि वाजवायला हात उचलला, तेव्हा हे खाटेवरून उठले. "ढोल तू धर, हात माझा," म्हणाले. पुतण्या ढोल धरून उभा राहिला, आणि यांनी चांगल्या हाताने एकाच बाजूवर काठीने वाजवलं. पालखी खळ्यात नाचून बाहेर पडेपर्यंत थांबले नाहीत. "मान राखलान," ती म्हणाली. "पण तेव्हापासून तोदेखील हात वर जात नाय."

संदेशने ते दारातून ऐकलं आणि तो विहिरीकडे निघून गेला. मी खाटेजवळ बसलो.

"भाऊ," वडील म्हणाले, "तुम्ही हिशेबातली माणसं. खरं सांगा. माझा पोरगा नसता, तर तिथं भागलं असतं काय?"

खोटं बोलून त्यांना कसलाच दिलासा मिळाला नसता. "नसतं भागलं," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. "इथं पण भागत नव्हतं. अर्ध्या ढोलावर नाचवणाऱ्यांचे पाय चुकत व्हते. तरी भागवून घेतलं."

दुसऱ्या दिवशी देवरुखला कार्यक्रम होता. संदेश विहिरीवरून चेहरा धुऊन आला आणि न बोलवता गाडीत बसला.

पुढचं सगळ्यांनी ऐकलेलं आहे. ते गाणं लग्नांच्या वरातीत वाजतं, बसमध्ये शेजारच्या माणसाच्या फोनवर वाजतं. मुलं मुंबईला असतात. मी जयगडच्या बाजूला कामाला गेलो की संदेशच्या वडिलांच्या पडवीत थोडा वेळ बसून येतो. गेल्या खेपेला मी ते गाणं माझ्या फोनवर लावलं. वडिलांनी शेवटपर्यंत ऐकलं. पुतण्याही पायरीवर बसून ऐकत होता.

"चांगला वाजवतोय," वडील म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "शिमग्याला येतोय ना?"

मुक्ताशी आदल्याच दिवशी बोलणं झालं होतं. या वेळी तिने तेरसा आणि भद्रा दोन्ही नीट विचारून घेतले होते. पण तारखा त्याआधीच दिलेल्या होत्या, त्यात एकही मोकळी नव्हती. मी त्यांना तसं सांगितलं.

त्यांनी पुतण्याला हाक मारली आणि म्हणाले, "ढोल तुझ्या घरी घेऊन जा." मी परत निघालो. सगळ्या सड्यावर तसंच पांढरं गवत होतं.