वन्संनी जपलेली पर्स

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, देवापुढे बसूनही नाही — तिथं तर मी सरळ विषय बदलते. तुम्हालाच का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असेल.

माझी पर्स आमच्या घरात प्रसिद्ध आहे. काळी, चामड्याची, दोन कप्प्यांची. चेन बिघडली की दुरुस्त करून आणते, पर्स बदलत नाही. मी पेठेत वाढलेली, बी.कॉम. झालेली, आणि दिलं खराडीच्या शेतकरी घरात. तेव्हा शेताच्या पलीकडे आयटी पार्कचे पत्रे लागले होते आणि आमच्या ज्वारीच्या रानाला एकाएकी भाव आला होता. घरात कपाट होतं, पण किल्ली कोणाकडे असावी यावर एकमत नव्हतं — भावाचा भावावर विश्वास असेल तर ना! मग सातबारा, खरेदीखतं, रोख, सगळं शिकलेल्या सुनेच्या पर्समध्ये. कोथिंबीर आणायला निघाले तरी खांद्याला लाखाचा ऐवज. बाईच्या पर्सकडे कोण बघतंय, असं सासूबाई म्हणायच्या. खरंच कोणी बघितलं नाही.

जमीन बिल्डरला द्यायची, तर आधी लेकीनं हक्कसोड करायची. म्हणजे वडिलोपार्जित जमिनीतला आपला हिस्सा भावांसाठी सोडला, अशी सही. आमच्याकडे लेक एकच, माझी नणंद सुमन. रीत अशी, की बहिणीनं सही करायची, भावांनी साडी नेसवायची आणि सगळ्यांनी जेवायचं. हिस्सा मागणारी बहीण माहेराला मुकते, हे कोणी बोलून दाखवत नाही. दाखवावं लागत नाही. वन्संचे यजमान कारखाना बंद पडून घरी बसलेले, मुलगी सुनीता बारावीला, हुशार — तरी वन्संनी तोंड उघडलं नाही.

उघडलं ते सासऱ्यांनी. ते अंथरुणाला खिळले होते. सहीच्या आदल्या दिवशी मला एकटीला बोलावून त्यांनी उशीखालून फडक्यात बांधलेलं पुडकं काढलं. बिल्डरच्या पहिल्या रकमेतले दीड लाख.

"सही झाली की सुमनच्या हातात दे," म्हणाले. "पोरांना कळू देऊ नगं. ती देनार न्हाईत. तू शिकलेली हायस."

मी पुडकं पर्सच्या मागच्या कप्प्यात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी कचेरीत वन्संनी न वाचताच सही केली, अंगठा उठवला. मग साक्षीदार म्हणून मला आत बोलावलं. दारात ही गर्दी. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, पर्स द्या माझ्याकडं. आत कुनी हात मारंल." मी दिली.

बाहेर आले, तेव्हा त्या बाकड्यावर बसल्या होत्या. पर्स मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेली, आणि शाईचा अंगठा तेवढा वर — चामड्याला डाग लागू नये म्हणून. घसा कोरडा पडला होता, पण पर्स घेऊन नळाच्या गर्दीत जायला नको म्हणून पाणीसुद्धा प्यायल्या नव्हत्या. "घ्या," म्हणाल्या, "जशीच्या तशी हाय."

चेन उघडायची होती, बस. मी काय केलं? पर्स खांद्याला लावली. दीर शेजारी उभे होते, हे खरं. पण ते पान खायला गेले तेव्हाही मी गप्पच होते. मग काय, घाबरले होते? विसरले होते? — नाही हो. शेजारच्या रानात सोसायटी उठत होती, आणि तिथल्या फ्लॅटच्या बुकिंगचा आकडा सकाळपासून माझ्या डोक्यात होता. मला ते पैसे हवे होते.

संध्याकाळी वन्सं साडीचा खोका घेऊन बसनं गेल्या. सासऱ्यांनी विचारलं, "दिलंस?"

"दिले, मामा."

त्यांनी माझा हात धरून ठेवला. पुढे ते फार दिवस राहिले नाहीत. लेक भेटायला यायची तेव्हा खोलीत चार माणसं असायची, तो विषय त्यांना काढता आला नाही, आणि ते माझ्या पथ्यावर पडलं.

त्याच पावसाळ्यात वन्सं आल्या. सुनीताला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळत होता, फी भरायची होती. त्यांनी पैसे उसने मागितले — उसने! मी म्हटलं, "सगळं बिल्डरकडे अडकलंय हो वन्सं." चहा पिऊन त्या गेल्या. सुनीता आज हिंजवडीत एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये गल्ल्यावर बसते. माझ्या फ्लॅटमध्ये कॉम्प्युटरवाली मुलं राहतात. भाडं वेळेवर येतं.

मागच्या वर्षी वन्संचं ऑपरेशन होतं. आत नेण्याआधी अंगावरचं काढायला सांगितलं. बोरमाळ, कुड्या — वन्संनी सगळं रुमालात गाठ मारून बांधलं. नवरा उभा होता, मुलगी उभी होती, आणि त्यांनी हात केला माझ्याकडे. "वहिनींच्या पर्समधी ठेवा," म्हणाल्या. "तिथलं काय हालत न्हाई."

त्या परत आल्या नाहीत.

दहावा झाल्यावर मी तो रुमाल सुनीताला दिला. त्याच मागच्या कप्प्यातून काढून. तेव्हा बोलता आलं असतं — दारात आम्ही दोघीच होतो. तिनं गाठ सोडूनही पाहिली नाही. "आई म्हणायची, मामींसारखं जपणारं माणूस नाही," एवढं म्हणाली, आणि वाकून माझ्या पाया पडली.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग पर्सची चेन लावली.