ट्यूबची चुंबळ

देवीवर माझा राग होता. हे लिहिताना आज लाज वाटते, पण होतं ते होतं. बायको गेल्यावर आठ-नऊ महिने मी अंबाबाईच्या देवळाकडे फिरकलो नाही. घरातल्या देवांना पाणी-फूल काय ते लेकच वाहायची आणि मी तेवढ्या वेळात चपला घालून बाहेर पडायचो. खरं सांगायचं तर राग देवीवर नव्हताच, तो माझा माझ्यावरच होता. पण स्वतःवर रागावून माणूस किती दिवस राहणार? मग समोर सापडली ती देवी.

आम्ही कसबा बावड्यात राहतो. मी एका शाळेत कारकून आहे. आमच्या घरात माणसं तीन आणि सायकली तीन. ही सगळी हौस बायकोची. दळण, मंडई, लेकीची शाळा, माझी शाळा, पै-पाहुण्यांकडे जाणं, सगळं सायकलवर. लग्नकार्याला सुद्धा ती काठापदराची साडी नेसून, पदर खोचून सायकलवर निघायची, मागे मी, मध्ये लेक. गल्लीतले लोक म्हणायचे, "निघाली सर्कस!" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ती मात्र त्यांच्याकडे बघून आणखी दोनदा घंटी वाजवायची. मी कधी गाडीचा विषय काढला की म्हणायची, "गाडीत बसलं की माणूस काचेतनं बघतंय नुसतं. सायकलीवर असलं की हाक मारतंय."

आषाढात पंचगंगेला नवं पाणी आलं की ते कळशीत भरून टेंबलाईच्या टेकडीवर न्यायचं आणि देवीच्या पायऱ्यांवर ओतायचं, ही आमच्या कोल्हापूरची रीत. पी-ढबाकच्या वाद्यात, मंगळवारी नाहीतर शुक्रवारी, गल्ल्याच्या गल्ल्या निघतात. बायका कळशी डोक्यावर घेतात. माझ्या बायकोने ती सायकलच्या कॅरेजवर घेतली. जुनी ट्यूब गोल वळून, तिला साडीच्या चिंध्या गुंडाळून तिने एक चुंबळ केली होती. ती कॅरेजला बांधायची, त्यात कळशी घट्ट बसवायची आणि कळशीच्या तोंडात लिंबाचा डहाळा. तिच्या आईने घालून दिलेला दंडक एकच, नदीवर भरलेली कळशी पायरीपर्यंत भुईला टेकवायची नाही. म्हणून सिग्नलला थांबलो की लेक पटकन उतरून कळशी धरायची. लग्न झाल्यापासून तिने एकही आषाढ चुकवला नव्हता.

मग तिच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा दवाखाना सुरू झाला आणि मी एक जुनी गाडी घेतली. त्यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. आजारी माणसाला कॅरेजवर बसवून कोण नेतं? पण गेल्या आषाढात ती म्हणाली, "अहो, मला कॅरेजवर बसवा. मी कळशी मांडीवर घेते, तुम्ही नुसती सायकल हातात धरून चाला. सावकाश जाऊ." मी तिच्यावर खेकसलो. तिच्या जिवाला जपत होतो हे खरं, पण सगळं खरं ते नव्हे. एकदा तरी चारचौघांसारखं गाडीतून टेकडीला जावं, गल्लीने बघावं, असंही माझ्या मनात होतं. शेवटी गाडीच ठरली. लेकीने सकाळी नदीवरून कळशी भरून आणून दिली आणि ती परीक्षेला गेली. बायकोने गाडीत बसून चुंबळ मांडीवर ठेवली, तिच्यावर कळशी, आणि आम्ही निघालो.

टेकडीच्या अलीकडेच गाडी अडकली. जत्रेमुळे पुढचा रस्ता गाड्यांना बंद होता आणि मागे रांग लागलेली. आमच्या दोन्ही बाजूंनी माणसं चालत जात होती, सायकली जात होत्या, पोरीबाळी कळशा घेऊन हसत पुढे जात होत्या. मी काचा खाली केल्या, तिला म्हटलं, "बस, मी बघून येतो," आणि पोलिसाशी बोलायला पुढे गेलो. बोलायला कसला, भांडायला. माझा स्वभाव असा. बायको आजारी आहे, एक गाडी सोडा, म्हणून मी याच्याशी नाही तर त्याच्याशी हुज्जत घालत राहिलो. तासभर गेला असेल. कुणी ऐकलं नाही. परत आलो तर तिच्या मांडीवरची कळशी रिकामी होती आणि साडी ओली.

"सांडलंस?" मी ओरडलो. आजारी बाईवर ओरडलो. ती फार दमलेली होती. डोळे मिटून म्हणाली, "पाणी पोचलं. आता घरी चला." मला वाटलं, ही मला बरं वाटावं म्हणून काहीतरी बोलते आहे. नंतरही ती दोन-तीनदा त्या दिवसाचं बोलायला लागली होती. मी प्रत्येक वेळी उठून बाहेर गेलो. ऐकवत नव्हतं. दिवाळीच्या आधी ती गेली. तिचं शेवटचं पाणी माझ्या हौसेपायी, माझ्या गाडीत, तिच्या मांडीवर सांडलं, एवढंच माझ्या डोक्यात राहिलं. ती ओली साडी डोळ्यांपुढून हलेना. तिन्ही सायकलींवर मी प्लॅस्टिक टाकलं. शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर, पण तिथेही गाडीने जाऊ लागलो.

यंदाच्या आषाढात एका मंगळवारी अंघोळ करून बाहेर आलो तर अंगणात बायकोची सायकल पुसून उभी होती. कॅरेजला चुंबळ, चुंबळीत नदीवरून भरून आणलेली कळशी, आणि लेक ती धरून उभी. म्हणाली, "पप्पा, तुमची सायकल काढा. मी कालच दोन्ही सायकलींना तेल घातलंय." मी रागावलो. कसलं पाणी आणि कसली देवी, असं काहीबाही बोललो. ती रडली नाही की भांडली नाही. तिने फक्त विचारलं, "मग ही कळशी ठेवू कुठं? भुईला टेकवायची न्हाय." मी सायकल काढली.

वर्षभरात पायांची सवय गेली होती. ताराराणी चौकापर्यंतच मला धाप लागली. पुढे चढाला लागलो आणि लेक चालवत होती त्या सायकलची चेन तुटली. उतरली नाही, तुटलीच. तिने पाय टेकले, मी धावत जाऊन कळशी उचलून तिच्या कमरेवर दिली आणि रस्त्यातच उभा राहिलो. मनात देवीला म्हटलं, बघ, नकोच आहे तुला आमच्या हातचं. मागून आवाज आला, "पावणं, चेन तुटली न्हवं? हात काळं करू नका, हिकडं आणा."

रस्त्याच्या कडेला पत्र्याखाली सायकल दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. दुकानदार माझ्याहून थोडे मोठे, पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी. त्यांनी सायकल उलटी केली. उलटी करायची म्हणून कॅरेजवरची चुंबळ सोडली आणि ती हातात धरून ते तसेच बसून राहिले.

"ही चुंबळ तुमच्यात कुठनं आली?"

"आईची हाय," लेक म्हणाली.

"ताई कुठं हाईत मग? बऱ्या झाल्या?"

लेकीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "गेली. दिवाळीच्या आधी."

त्यांनी चुंबळ मांडीवर ठेवली. फडक्याने हात पुसले आणि म्हणाले, "गेल्या साली तुमची गाडी हितंच अडाकलीती की. माझ्या दुकानाम्होरंच. तुम्ही गेला तरातरा निघून. ताईनं काचेतनं हाक मारली. म्हणाली, भाऊ, तुमची सायकल हाय न्हवं, एवढं पाणी टेकडीवर पोचवा. मी म्हटलं, ताई, मी मुसलमान, चालंल का? तर म्हणाली, सायकल चालवता न्हवं, मग झालं की! कळशी काचेतनं घेताना वाईच सांडली तिच्या अंगावर. ही चुंबळ माझ्या कॅरेजला बांधली आणि दुकान उघडं टाकून गेलतो. भुईला टेकू दिली न्हाय बघा. पायरीपाशी एक म्हातारी हुती, तिच्या हातात दिली. म्हटलं, खाली गाडीत एक आजारी ताई बसल्या, त्यांच्या नावानं वता. तिनं वतली. कळशी नि चुंबळ माघारी दिली तवा ताईनं गाडीतनंच टेकडीकडं हात जोडलं. रडत हुती, पर हासतबी हुती."

लेकीने विचारलं, "मग तुम्ही पप्पांना का न्हाई सांगितलं, चाचा?"

"सांगणारच हुतो. पर हे आलं ते तणतणतच. मी पुढं झालो तर ताईनं हातानंच नको म्हटलं. दमल्यात ते, म्हणाली, मी सांगीन सावकाश."

आणि ती सांगायला लागली की मी उठून जात होतो. रस्त्याच्या कडेला, लेकीसमोर, परक्या माणसासमोर मी हमसून हमसून रडलो. एक वर्ष ज्या पाण्यासाठी जळत होतो, ते केव्हाच पोचलं होतं. तिने मला तेव्हाच सांगितलं होतं. मीच तिच्यावर विश्वास ठेवला नाही.

चाचांनी चेन जोडली, चुंबळ स्वतःच्या हाताने कॅरेजला आवळून बांधली. मी म्हटलं, "चला की वर." ते उठले. दुकान पुन्हा उघडं टाकून, मागून सीटला हात लावत ते आमच्याबरोबर पायऱ्यांपर्यंत आले. लेकीने अर्धी कळशी ओतली आणि उरलेली माझ्या हातात दिली. चढ चढताना क्षमा मागायची ठरवली होती. पण पायरीवरून वाहणाऱ्या त्या गढूळ पाण्याकडे बघताना मागायचं काय तेच आठवेना.

आदल्या दिवशी तेल घातलेली चेन तिथेच का तुटली, मला माहीत नाही. मी कुणाला पटवून देणारही नाही. मला एवढंच कळलं की तासभर मी वाट मोकळी करून घ्यायला लोकांशी भांडत होतो आणि तेवढ्यात तिने तिची कळशी एका अनोळखी हातात देऊन टाकली होती. ज्याच्याकडून पोचायचं त्याच्याकडून ते पोचलं. असं देऊन टाकणं मला आयुष्यात जमलेलं नाही, आता शिकायचं म्हणतो. गाडी मेव्हण्याला देऊन टाकली. शाळेला सायकलवर जातो. गल्लीतले अजून हसतात, मीही घंटी वाजवतो, पण पुढे बघितलं की तिची सायकल दिसत नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर रिकामी कळशी मी तिच्या फोटोपुढे ठेवली. लेक आत चहा टाकत होती. बोलायला कुणी नव्हतं, तरी मी बोललो. गेल्या वर्षी तिने मला जे सांगितलं होतं, तेच यंदा मी तिला सांगितलं, "पाणी पोचलं."