बरोबरीत सुटलेली कुस्ती

आमच्या घरात डॉक्टर एकच, आणि तो मी नव्हे. मी सॉफ्टवेअरवाला, तेही २००९च्या मार्चपर्यंतच. त्या महिन्यात कंपनीनं आमचा अख्खा मजला घरी पाठवला आणि मी इथल्या, परदेशातल्या, नास गावच्या घरात पोळ्या, इस्त्री आणि मुलीचा अभ्यास या खात्यांचा मंत्री झालो. घर चालवत होती अलकनंदा. जवळच्या टॅला गावच्या हॉस्पिटलात ती इमर्जन्सीत रजिस्ट्रार, म्हणजे कन्सल्टंटच्या हाताखालची डॉक्टर होती. मिरजेची एम.बी.बी.एस., वय सत्तेचाळीस, अर्धे केस पांढरे, आणि तरी अजून रजिस्ट्रारच. तिच्याहून बारा वर्षांनी लहान असलेला कन्सल्टंट कागदावर सही करायचा, तेव्हा कुठे तिचं निदान खरं ठरायचं. मी चिडायचो. ती म्हणायची, "सही त्याची, पेशंट माझा. तू कशाला रक्त आटवतोस?"

तिचा भरवसा होता तो स्वतःच्या डोळ्यांवर. आमच्या लग्नात अंतरपाट खाली आला तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलंच नाही, माझ्या मागे उभ्या असलेल्या मामांकडे बघितलं. रात्री मला म्हणाली, "तुझ्या मामांना कावीळ झालीय." खरंच झाली होती. सुपरमार्केटच्या रांगेत उभी राहिली की पुढच्या माणसाचा कुठला गुडघा गेलाय ते मला हळूच सांगते. मी म्हणतो, "अगं, तू दूध घ्यायला आलीयस."

ही नजर तिला तालमीनं दिली. तासगावजवळच्या गावात तिचे वडील वस्ताद होते. मुलींनी तालमीत पाऊल टाकायचं नाही असा दंडक. म्हणून ही शेजारच्या माडीच्या खिडकीत बसून वरून तासन् तास कुस्त्या बघायची. कोण दमलाय, कोणाचा खांदा निखळलाय आणि तो सांगत नाहीये, हे तिला आठव्या वर्षी कळायचं. ती खाली ओरडून सांगायची आणि वस्ताद तिलाच दम भरायचे.

२०१० साली डेक्लन नावाचा एक गृहस्थ तिच्याकडे मोडलेलं बोट घेऊन आला. दिवसा प्लंबर, आणि शनिवारी संध्याकाळी एका छोट्या कुस्ती कंपनीचा मालक. ही टीव्हीवर असते तसली कुस्ती. दोऱ्यांचं रिंगण, झगमगीत कपडे, आणि निकाल आधी ठरलेला. नियमानुसार रिंगणाशेजारी डॉक्टर लागतो, आणि त्याचा डॉक्टर नुकताच ऑस्ट्रेलियाला निघून गेला होता. बोटाला पट्टी बांधून होईपर्यंत ही हो म्हणून मोकळी झाली.

"अगं, लुटुपुटूची कुस्ती ती," मी घरी म्हणालो. "वस्ताद असते तर घरात घेतलं नसतं तुला."

"बाबा, इट्स नॉट फेक. इट्स प्लॅन्ड, लाइक," आमची मुलगी पूर्वी म्हणाली. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तरं या देशातली येतात.

"पडायचं ठरलेलं असलं म्हणून हाडं काय वेगळी असतात?" अलकनंदा म्हणाली, आणि विषय संपला.

तिनं डेक्लनला एकच अट घातली. कोण जिंकणार, कोण हरणार, हे तिला आधी सांगायचं नाही. गोष्ट माहीत असली की मी गोष्ट बघेन, माणूस बघणार नाही, असं तिचं म्हणणं. डेक्लनची पण एक अट होती. पैलवान कितीही ओरडले, तरी रेफरीनं दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे धरल्याशिवाय डॉक्टरनं आत यायचं नाही. ती फुली म्हणजे, हे नाटक नाही, खरं लागलंय. दोघांनी हात मिळवले. पुढची दोन वर्षं मी तिचा ड्रायव्हर. एक मोचलेला घोटा आणि दोन फुटलेल्या भुवया, याच्यापलीकडे काही झालं नाही. मी मागच्या रांगेत बसून चिप्स खायचो आणि, आता खोटं कशाला बोलू, मला ते आवडायला लागलं होतं.

मग २०१२चा जून आला आणि डेक्लननं जपानी रात्र ठरवली. टोकियोच्या एका लहानशा कंपनीचे पाच जण आले होते. टॅलामधला एक कम्युनिटी हॉल, दोनशे खुर्च्या. साडेसात वाजता बाहेर लख्ख ऊन आणि आत अंधार करायला खिडक्यांना काळं प्लॅस्टिक लावलेलं. जपानी पद्धतीप्रमाणे पैलवानाचं नाव पुकारलं की लोक रिंगणात रंगीत कागदी फिती फेकतात. इथल्या लोकांना तसल्या फिती मिळाल्या नव्हत्या, त्यांनी दुकानातल्या बिलाच्या कागदाचे रोल आणले होते. ते सुटायचे, आणि पुढच्या रांगेतला कोणीतरी टाळकं चोळत मागे बघायचा.

शेवटची कुस्ती बायकांची होती. साचिको मोरिता, वय चव्वेचाळीस, बुटकी, रुंद खांद्यांची, चेहरा शाळेतल्या कडक बाईंचा. तिची ही आयुष्यातली शेवटची कुस्ती आहे, असं डेक्लननं माइकवर सांगितलं. समोर ओर्ला, चोवीस वर्षांची, इथलीच. ओर्ला तीन वर्षं जपानमध्ये साचिकोच्या हाताखाली शिकली होती. म्हणजे ही गुरू-शिष्येची कुस्ती.

बाकीच्या कुस्त्यांत आरडाओरडा असतो, या दोघींच्यात नव्हता. साचिको बोलतही नव्हती. पकडायची, फिरवायची, पाडायची, आणि पोरगी उठेपर्यंत उभी राहायची. या खेळात समोरच्याचे दोन्ही खांदे जमिनीला टेकवून वर दाबून धरायचं, आणि रेफरीनं जमिनीवर तीन थापा मारल्या की निकाल. दर वेळी दोन थापांनंतर खालची बाई खांदा उचलायची आणि सगळा हॉल किंचाळायचा. मी पण. माझ्या शेजारची आजीबाई साचिकोकडे बोट दाखवून म्हणाली, "यूअर वन इज ब्रिलियंट." मी मान डोलावली.

वीस मिनिटं झाली असतील. ओर्लानं साचिकोला पाठीमागून कमरेला मिठी घालून उचललं आणि मागे टाकलं. साचिको पडली. रेफरी वाकला, काहीतरी विचारलं, तिनं ठीक आहे अशी मान हलवली. तो उभा राहिला. फुली नाही. साचिको गुडघ्यावर आली, दोरी धरून उभी राहिली. लोकांनी टाळ्या पिटल्या.

आणि मी बघतो तर आमची ही दोऱ्यांखालून आत घुसत होती.

रेफरीनं बोलावलेलं नाही, भर कुस्तीत, अंगात निळा कार्डिगन! लोकांना वाटलं, हा पण खेळातलाच भाग. कोणीतरी नवीन खलनायिका आलीय म्हणून दोनशे माणसं हूट करायला लागली. डेक्लन टेबलावरून हात हलवत होता, बाहेर ये, बाहेर ये. मला तिचा संताप आला. मला दोन वर्षं वाटत होतं, निदान या एका ठिकाणी हिचं कोणी ऐकतं, आणि हीच ते घालवतेय. ती सरळ साचिकोपुढे गेली, तिच्या मानेला मागून एक हात लावला आणि दुसऱ्या हातानं तिला हळूहळू आडवं केलं. मग रेफरीकडे वळून स्वतःच डोक्यावर फुली धरली.

मी नंतर तिला विचारलं, तुला कळलं कसं? ती म्हणाली, "अरे, सबंध संध्याकाळ ती पडली की तोंड वाकडं करत होती. त्या वेळी केलं नाही. आणि दोरी डाव्या हातानं धरली. उजवा हात तिनं मांडीमागे लपवला." तासगावची पोरंही असंच लपवायची म्हणे.

हॉल शांत झाला. अँब्युलन्सची माणसं मानेला पट्टा लावून साचिकोला स्ट्रेचरवर बांधत होती. ओर्ला कोपऱ्यात तोंडावर हात धरून उभी होती. लोकांना काय करावं कळेना. आणि इथे माझ्या बायकोनं चूक केली.

तिच्या वडिलांची एक पद्धत होती. जत्रेच्या फडात दोन तोलामोलाचे गडी अडकले, किंवा कोणाला लागलं, की वस्ताद दोघांचे हात धरून वर करायचे. कुस्ती बरोबरीत सुटली. हरलं कोणी नाही, दोघांचा मान राहिला. खिडकीतून हिनं ते शंभरदा पाहिलेलं. आज ती पहिल्यांदाच रिंगणाच्या आत होती. तिनं डेक्लनच्या हातातला माइक घेतला, इंग्रजीत सांगितलं की ही कुस्ती बरोबरीत सुटली आहे, नोबडी लॉस्ट, आणि ओर्लाचा हात धरून वर केला. दुसरा हात तिनं स्ट्रेचरकडे केला. लोक उभे राहिले. उरलेसुरले कागदी रोल हवेत उडाले. डेक्लननं घंटा वाजवली. मी इतका वेळ चिडलो होतो, पण तेव्हा माझे डोळे भरून आले, हे मान्य करतो.

स्ट्रेचरवरच्या साचिकोनं ओर्लाला काहीतरी विचारलं. ओर्लानं दोन शब्दांत सांगितलं. तशी ती बाई, जी मान मोडूनही हूं की चूं करत नव्हती, ढसाढसा रडायला लागली. आम्हाला वाटलं, दुखत असेल.

दोन तासांनी मी साचिकोची बॅग घेऊन हॉस्पिटलात पोचलो. स्कॅन झालं होतं. मानेच्या सहाव्या मणक्याला तडा. हलला असता तर हातपाय गेले असते. मणक्याच्या सर्जननं येऊन बघितलं होतं. ऑपरेशन नको, पट्टा बारा आठवडे, आणि रिंगणात पाय पुन्हा कधीच नाही. मी बायकोच्या पाठीवर हात ठेवला. म्हणालो, "बघ, तुझंच बरोबर निघालं." तिनं नुसता पडदा बाजूला केला.

पडद्यामागे साचिको ट्रॉलीवर सपाट पडली होती. ओर्ला शेजारी बसली होती, डोळे सुजलेले. ओर्लानंच मला सगळं सांगितलं. माझ्या बायकोला तिनं ते आधीच सांगितलं होतं.

त्यांच्याकडे शेवटची कुस्ती हरायची असते. ज्याला शिकवलं त्याच्याकडून, पूर्ण तीन थापांनी, सगळ्यांसमोर. मग आपलं जे काही आहे ते पुढच्याकडे जातं आणि जाणारा मोकळा होतो. साचिकोची गुरू साचिकोकडून हरली होती. गुरूची गुरू तिच्याकडून. ओर्लाच्या गावात, ओर्लाच्या माणसांसमोर हरता यावं म्हणून ही बाई स्वतःहून एवढ्या लांब आली होती.

"तिला मी तुमचं बोलणं सांगितलं, की कोणी हरलं नाही," ओर्ला माझ्या बायकोला म्हणाली. "ती म्हणते, बावीस वर्षं मी हे सांभाळलं आणि शेवटी माझ्याच हातात राहिलं." मग घाईनं म्हणाली, "बट यू सेव्हड हर. शी नोज. शी'ज ग्रँड, रिअली."

इथे ग्रँड म्हणजे ठीक; साचिको अजिबात ग्रँड नव्हती. ती छताकडे बघत होती आणि पाणी डोळ्यांतून दोन्ही कानांकडे वाहत होतं. मान बांधलेली, त्यामुळे पुसताही येत नव्हतं. अलकनंदानं टिश्यूनं पुसलं.

"मी हिला हरू दिलं नाही रे, शिरीष," ती मला म्हणाली. मराठीत, म्हणजे फक्त मला.

"तू निकाल विचारला असतास तर कळलं असतं," मी बोलून गेलो. बोलायला नको होतं.

"विचारला असता तर तिचा हात दिसला नसता."

बायको ट्रॉलीच्या पायथ्याशी उभी राहून साचिकोकडे बघत होती, मामांकडे बघितलं होतं तशी.

"ही कशी झोपलीय?" तिनं विचारलं.

"कशी म्हणजे? उताणी."

"दोन्ही खांदे टेकलेत?"

"टेकलेत." मग मला कळलं. "अलका, अगं, कोणी बघितलं तर?"

"बघू दे की." तिनं पडदा मात्र नीट ओढून घेतला. मग ओर्लाला हाक मारून इंग्रजीत सांगितलं, "इकडे ये. भार टाकायचा नाही. तिच्या छातीवर नुसता तळवा ठेव. आणि तिला विचार, चालेल का."

ओर्लानं विचारलं. साचिकोनं आमच्या हिच्याकडे बघितलं. रडणं थांबलं. मान हलवता येत नव्हती, म्हणून तिनं पापण्या मिटून उघडल्या.

ओर्लानं तळवा ठेवला. माझी बायको, गुडघेदुखीनं जिना चढताना माझ्या नावानं खडे फोडणारी, ट्रॉलीचा दांडा धरून हॉस्पिटलच्या फरशीवर गुडघे टेकून बसली. तिनं उजवा हात उचलला आणि फरशीवर थाप मारली. "एक."

पलीकडच्या पडद्यामागे कोणीतरी खोकलं.

"दोन."

इथे ती थांबली. संध्याकाळभर याच जागी खालची बाई खांदा उचलत होती आणि हॉल किंचाळत होता. हिनं तेवढा वेळ दिला, पूर्ण. साचिकोचे खांदे टेकलेलेच राहिले. तिनं डोळे मिटून घेतले आणि डावा हात हळूच उचलून ओर्लाच्या हातावर ठेवला.

अलकनंदानं तिसरी थाप मारली, आणि साचिको मोरिता हरली.