कच्चं काळीज

माझं लग्न बकऱ्याच्या काळजानं जुळवलं. हे मी अलंकार म्हणून सांगत नाही. खरंच बकऱ्याचं होतं, मोताळ्याच्या बाजारातून सकाळीच आणलेलं.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता, तेव्हाची गोष्ट. मी नागपूरला डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि अंगात त्याची मस्ती होती. रस्त्यानं चाललेला धडधाकट माणूसही मला रोगीच दिसायचा. मुलगी पाहायला मामांबरोबर मलकापूरला उतरलो, बैलगाडी केली. वाटेत मामांनी दम भरला, "तिथं कोणाची नाडी पाहू नको बे. पोरगी पाह्य अन् गप बस."

मी गप्पच बसणार होतो. पण मुलीच्या वडिलांनी, म्हणजे पाटलांनी, विडा पुढं केला आणि त्यांचा तळहात दिसला, लालभडक. खाली पाहिलं तर घोट्यांवर सूज. विड्याच्या वासाआडून मोहाच्या दारूचाही वास येत होता. अजून पोहे आले नव्हते, मुलगी आली नव्हती, आणि मी बोलून बसलो, "पाटील, जरा पोट दाखवता का?"

मामांनी असा चिमटा काढला की वळ उठला. पण पाटील हौशी गडी. त्यांनी तिथंच बंडी वर केली. उजव्या बरगडीखाली बोटं दाबली तर यकृताची कडा लागली, नको तेवढी खाली आणि टणक. यकृत म्हटलं तर ओसरीवर कोणाला कळणार, म्हणून मी सोपं करून सांगितलं, "तुमचं काळीज बिघडलंय."

"माह्यं काळीज?" पाटील उसळले आणि मामांकडं वळले. "हा काय बोलून राह्यला? साऱ्या मोताळ्याच्या बाजाराले इचारा, माह्यं काळीज केवढं मोठं हाय ते!"

"मोठं झालंय, तेच तर सांगतोय," मी म्हणालो.

दाराआडून कोणीतरी फिस्सकन हसलं. त्या हसण्यावरच मी खलास झालो, चेहरा नंतर पाहिला.

मामा चपला शोधू लागले. ती हसणारी हातची जाणार होती, आणि हा दिलदार माणूस असाच पीत राहिला तर तोही जाणार होता. "धडधडतं ते काळीज नव्हे हो," मी ओरडलोच. "बकऱ्याचं खातो ते! घरात असेल तर आणा, दाखवतो."

"आण वं पोरी!" पाटलांनी हाक दिली.

आणि माझ्या बायकोनं माझ्यापुढं पहिल्यांदा आणलं ते परातीत ठेवलेलं कच्चं काळीज. डोक्यावर पदर, ओठ घट्ट मिटलेले, आणि डोळ्यांत हसू मावत नव्हतं.

मग मला जे काही चढलं, ते विचारू नका. पपईच्या पानाचा पोकळ देठ मागवला, बाह्या सरसावल्या. "बाकी अवयवांना रक्त एका वाटेनं येतं, याला दोन वाटांनी. एक हृदयाकडून, ताजं. दुसरी ही जाड शीर, आतड्यांकडून. खाल्लंप्यालेलं सगळं आधी इथं येतं, निवडून-पाखडून मगच पुढं हृदयाकडं जातं."

"म्हणजे दोन बायकांचा दादला हाय हा!" पाटील खूश झाले.

देठ त्या जाड शिरेत खुपसला, तोंडात पाणी भरून फुंकलं. काळीज हळूच फुगलं आणि मागच्या तोंडातून गुलाबी पाणी झुळझुळ वाहायला लागलं. सगळ्यांनी माना पुढं घातल्या. नागपुरात परीक्षकांपुढं मी इतका सुरेख कधी बोललो नाही.

"अन् शिजवल्यावर जाते का पाणी?" तिनं विचारलं. तिचं माझ्याशी ते पहिलं वाक्य.

हे मला सुचलंच नव्हतं. तिनं तेच काळीज उकळून आणेपर्यंत आम्ही पोहे खाल्ले. आता ते आक्रसलं होतं, घट्ट झालं होतं. देठ घालून मी जीव खाऊन फुंकलं, आणि सगळं पाणी उलटून माझ्या तोंडावर, कोटावर, मामांच्या टोपीवर! बाया पदरात तोंड घालून हसत होत्या, मामा हसत होते, मीही गडबडा लोळायचाच बाकी होतो.

पाटील मात्र हसत नव्हते. त्यांनी ते शिजलेलं काळीज बोटांनी दाबून पाहिलं, मग स्वतःची बरगडी.

"दारूनं असं होते?"

"होतं. हळूहळू शिजतं. आणि पुढं वाट नाही म्हटल्यावर रक्त मागं तुंबतं. पोटात पाणी भरतं, अन्ननळीच्या शिरा फुगतात. त्या फुटल्या की माणूस हाती लागत नाही."

"माह्यं शिजलं?"

"अर्धं. ते आता कच्चं होणार नाही. पण चूल आज विझवली तर उरलेलं वाचेल."

पाटलांनी लेकीकडं पाहिलं. तिचं हसू कुठल्या कुठं गेलं होतं. "बाबा, इझवा चूल," ती म्हणाली.

त्यांनी विझवली, आणि पोरगीही दिली. पुढं किती वर्षं सासुरवाडीला गेलो की पाय धुवायच्या आधी बंडी वर व्हायची. "पाहा जावईबापू, कच्चं हाय ना?" मी दाबून बघायचो. "कच्चं आहे, मामाजी." की लगेच साऱ्या घराला आरोळी, "कच्चं हाय बे! पाव्हण्यांले पाणी द्या!" नातवंडांना तो खेळच वाटायचा. तीही रांगेनं पोटं उघडी करून उभी राहायची. इतकं हसणारं घर मी दुसरं पाहिलं नाही.

एका उन्हाळ्यात गेलो तर ते खाटेवर होते. बंडी त्यांनीच वर केली. हात ठेवला, आणि पुन्हा पुन्हा दाबून पाहू लागलो. तेवढ्यात माझ्या हाताशेजारी बायकोनं आपला हात ठेवला. ते काळीज तिनं स्वतः शिजवलं होतं, हाताला कसं लागतं ते तिला सांगावं लागलं नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं. मग बापाकडं वळून, दाराआडून हसली होती तशीच फिस्सकन हसली.

"कच्चंच हाय, बाबा."

"मंग पाव्हण्यांले पाणी द्या," ते म्हणाले आणि बंडी खाली केली.