अकरा फॉर्म आणि बाकावरचे साहेब

इतकी वर्षं झाली, नोकरी संपली, वर्दी कपाटात गेली, पण ऐंशीच्या दशकातला बदलापूरचा तो जून महिना काही डोक्यातून जात नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेलेत. हे प्रकरण मात्र वारासकट आठवतं, आणि गंमत म्हणजे याचा गुन्हा कधी दाखलच झाला नाही. नाव मी कुणाचंच लिहिणार नाही. त्यातली पोरं आज स्वतः आईबाप झालेली असतील.

मी तेव्हा उपनिरीक्षक होतो. वय तिशीच्या आत आणि डोकं कायम तापलेलं. त्या बुधवारी सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर जांभूळ गावची एक बाई उभी होती. मागे आणखी तीन-चार बाया आणि त्यांच्या आड दोन वेण्या घातलेली तिची मुलगी. आमचे हवालदार त्या बाईला समजावत होते, "अहो, शाळेत नाव लागलं नाही तर शाळेत जा. इथं काय आम्ही खडू-फळा घेऊन बसलोय?"

बाई जागची हलली नाही. "शालंत जाऊनशी आलू. ते बोलतात, फारमच आला नाय. मंग माजे पोरीचा दाखला गेला कुठं? त्या रिक्षावाल्याला पकडा, सायब."

मी त्यांना आत बोलावलं आणि जबाब घ्यायला बसलो. हकिगत अशी होती. गावातली शाळा सातवीपर्यंत. आठवीसाठी बदलापूरचं हायस्कूल, आणि तिथं जागा मोजक्या. फॉर्म घ्यायची खिडकी अकरा ते दोन उघडी. या मुलांचे बाप अंबरनाथ एमआयडीसीत पहिल्या पाळीला, सात ते तीन. आयांना लिहिता-वाचता येत नव्हतं आणि ऑफिसच्या खिडकीची धास्ती होती ती वेगळीच. मग अकरा बापांनी कारखान्यातल्या टाइमकीपरकडून फॉर्म भरून घेतले, प्रत्येकाला शाळा सोडल्याचा अस्सल दाखला टाचला, आणि सगळा गठ्ठा आपल्या नेहमीच्या रिक्षावाल्याकडे दिला. पाळीवर ने-आण करणारा माणूस, कुणाचा डबा, कुणाचं रेशन रोज पोचवणारा. कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. पोच घ्यायची असते हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

मंगळवारी यादी लागली. अकरांपैकी एकाचंही नाव नाही. या बाईच्या मुलीला एकोणऐंशी टक्के होते आणि यादी पंचावन्न टक्क्यांवर संपली होती.

"दुसरी शाळा नाही का?" मी विचारलं.

"कल्याणला हाय. पोरीला तिचा बापूस गाडीनं धाडायचा नाय. शाला सुटली का चुलत्यांनी लगीन काढलाच समजा." मुलगी भिंतीकडे बघत होती. तेरा वर्षांची असेल. यादीतल्यांनी शुक्रवारी दुपारपर्यंत प्रवेश पक्का करायचा होता, मग रजिस्टर बंद. म्हणजे आमच्या हातात अडीच दिवस.

मी शिपाई पाठवून रिक्षावाल्याला स्टँडवरून उचलून आणला. उल्हासनगरच्या कॅम्पात राहणारा, तिशीतला गडी. येताच म्हणाला, "साहेब, आपुन गठ्ठा शाळेत दिला. देवाशपथ."

"कुणाला दिला?"

"साहेबाला."

"कुठल्या साहेबाला? नाव?"

"नाव कोण विचारतो, साहेब? साहेब म्हणजे साहेब."

माझं डोकं फिरलं. मी त्याच्या कानाखाली वाजवली. आज लिहिताना लाज वाटते, पण लिहितो, कारण घडलं तसंच घडलं. हा गठ्ठा कुठंतरी रस्त्यात पाडून बसलाय आणि आता थापा मारतोय, हे मी मनात ठरवूनच टाकलं होतं.

त्याने गाल चोळला. रडला नाही, हातापायाही पडला नाही. म्हणाला, "अजून एक मारा, साहेब, पण जरा घड्याळ बघा. शुक्रवारी शाळेचं रजिस्टर बंद होणार. मला बसवा इथंच, कुठं पळतोय मी? पण तुम्ही निघा ना शाळेत."

"तुझी पोरगी आहे का यात?"

"आपलं अजून लग्नच झालं नाय, साहेब. पण त्या पोरी रोज हात करतात रिक्षाला. काय तोंड दाखवू त्यांना?"

हवालदारांनी वहीतून मान वर करून माझ्याकडे बघितलं. माझं चुकतंय, हे मला त्या नजरेतच कळलं. मी रिक्षावाल्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पहिल्यापासून विचारलं. यावेळी ऐकून घेतलं.

गेल्या बुधवारी, म्हणजे फॉर्म घ्यायच्या शेवटच्या दिवशी, दीडच्या सुमारास तो शाळेत गेला. खिडकीपुढे ही रांग. पण ओट्यावर बाकावर एक साहेब बसले होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, मांडीवर पॅड. भोवती माणसांचं कोंडाळं, प्रत्येक जण त्यांनाच फॉर्म दाखवत होता. "मला वाटलं, शाळेचेच हेडक्लार्क असतील. त्यांनी गठ्ठा चाळला आणि बोलले, ठेव इथं, तपासून आत देतो. मागे पॅसेंजर बोंबलत होते. दिला आणि सुटलो."

त्याच्याच रिक्षातून आम्ही शाळेत गेलो. शाळेचे कारकून म्हणाले, "बाहेर आमचं कुणी बसत नाही, साहेब. दरवर्षी पालकांतलाच कुणी शिकलेला गृहस्थ बाकावर बसतो आणि गाववाल्यांचे फॉर्म भरून देतो. आम्हालाही बरं पडतं, खाडाखोड होत नाही. यंदाचे तर फार सज्जन, तीन दिवस रजा काढून बसले होते. नाव? छे हो, आम्ही त्यांना साहेबच म्हणायचो."

म्हणजे रिक्षावाला खोटं बोलत नव्हता. त्या ओट्यावर सगळ्या गावाला जो साहेब वाटत होता, तोच त्यालाही वाटला.

मी आलेले सगळे फॉर्म टेबलावर पसरले. तासाभरात वीस-बावीस फॉर्म बाजूला निघाले, सगळे एका हातचे. सुबक, किंचित उजवीकडे झुकलेलं अक्षर. खाली पालकाच्या जागी बहुतेकांवर अंगठे, नाहीतर वाकडीतिकडी सही. एका फॉर्मवर मात्र सहीसुद्धा त्याच अक्षरात. तो फॉर्म ज्या मुलाचा होता, त्याचं नाव मी यादीत शोधलं. अगदी शेवटचं होतं.

पत्ता हेंद्रेपाड्याचा. एका कंपनीत अधिकारी असलेले गृहस्थ. संध्याकाळी पाचच्या सुमारास साध्या कपड्यात गेलो. रिक्षावाल्याला कोपऱ्यावर थांबवलं. गृहस्थ गॅलरीत दिसताच त्याने लांबूनच 'हेच ते' अशी मान हलवली.

दार त्यांच्या पत्नीने उघडलं. मी शाळेच्या कामासाठी आलोय एवढंच सांगितलं. बाईंनी पाणी आणलं आणि पाण्याबरोबर पेढा. "मुलाचं नाव लागलं ना! कालच गल्लीत वाटले." पेढा हातात धरून मी तसाच बसलो. घरात सगळं नीटनेटकं. आतल्या खोलीत मुलगा नव्या पुस्तकांना कव्हरं घालत होता.

अशा माणसाला दटावून काही मिळत नाही, हे एव्हाना मला कळायला लागलं होतं. मी म्हटलं, "तुम्ही गाववाल्यांचे फॉर्म भरून दिलेत म्हणे. मोठं काम केलंत."

गृहस्थ खुलले. एकेक मुलगा सांगू लागले. कुणाला गणितात किती, कुणाचा बाप काय करतो. माणूस मनापासून बोलत होता, त्यात ढोंग नव्हतं. मी म्हटलं, "जांभूळची ती मुलगी आठवते? दोन वेण्यांची?"

"वेण्यांचं माहीत नाही, पण जांभूळची एक आहे, एकोणऐंशी टक्के. फार हुशार."

मी ग्लास खाली ठेवला. "तिचा फॉर्म कारखान्यात भरला गेला. शाळेत तो पोचलाच नाही. तुम्ही कुठं पाहिलात?"

त्यांनी आधी बायकोकडे बघितलं, मग आतल्या खोलीकडे. एकाएकी उठून त्यांनी लोखंडी कपाट उघडलं आणि लोकरी कपड्यांच्या खालून गठ्ठा काढून माझ्यापुढे ठेवला. सुतळीत बांधलेले अकराही फॉर्म जसेच्या तसे होते.

"पहिल्या दिवशी मी खरंच मदत करायला बसलो होतो," ते म्हणाले. "पण फॉर्म भरता भरता टक्के दिसायचे. घरी येऊन हिशेब करायचो, आपल्या पोराचा नंबर कितवा. शेवटच्या तासाला तो अगदी काठावर होता. आणि तेवढ्यात हे अकरा एकदम आले. सगळे त्याच्या वरचे. खिडकी बंद होईपर्यंत मी ते मांडीवर धरून बसलो, बस्स. फाडायला घेतले होते. नाही फाडवले."

त्यांच्या पत्नी भिंतीला टेकून खालीच बसल्या. "मी गल्लीभर पेढे वाटले हो," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. नोकरीत आरोपींच्या घरची पुष्कळ रडारड ऐकली, पण त्या बाईंचा तो आवाज वेगळा होता.

आमचे मोठे साहेब म्हणाले, फिर्याद आली तर गुन्हा दाखल करा, नाही आली तर तसं लेखी घ्या. गुरुवारी सकाळी शाळेत सगळे जमले. जांभूळच्या बाया होत्या, पाळी बुडवून आलेले बाप होते, आणि एका कोपऱ्यात हे गृहस्थ, मान खाली घालून. मुख्याध्यापिका बाई कडक होत्या. त्यांनी लाल पेन उघडलं. "तुमच्या मुलाचं नाव मी काढते आहे. फौजदार साहेब, तुम्ही तुमचं काम करा."

मी त्या जांभूळच्या बाईकडे वळलो. "बोला. फिर्याद द्यायची?"

तिने त्या गृहस्थांकडे बघितलं. मला वाटलं, आता ही शिव्यांची लाखोली वाहणार. आणि वाहिलीही! त्यांच्या शिक्षणाचा, शर्टाचा, पेनाचा तिने असा उद्धार केला की हवालदारांनी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. मग दम घेऊन म्हणाली, "पण आमाला केस नको. पोरीचा नाव लागला पायजे. आन त्याचे पोराचा नाव पुसू नका, बाई. त्या पोरानी काय केलाय? घरी बसला का कसा वाटतं, ते मना माहीत हाय. ही माजी दोन दिस जेवली नाय."

मुख्याध्यापिका बाईंनी पेनाला टोपण लावलं. "ठीक आहे. एकही नाव काढत नाही. दाटीवाटीने बसतील. परवानगीचं मी वर बोलते, बाकांचं तुम्ही बापमंडळी बघा."

मग यादी घेऊन त्या स्वतः ओट्यावर आल्या आणि अकरा नावं मोठ्याने वाचली. जांभूळच्या बाईने मुलीचं नाव पुन्हा वाचायला लावलं. बाईंनी वाचलं. तिसऱ्यांदाही वाचलं, न मागता. मुलीने आईच्या पदरात तोंड घातलं आणि हमसून हमसून रडली. मी उगाच टोपी सारखी करत उभा राहिलो.

रविवारी एमआयडीसीतल्या बापांनी शाळेच्या पटांगणात बाकं ठोकली. कोपऱ्यातले ते गृहस्थही आले होते. सकाळभर त्यांच्याशी कुणी बोललं नाही, ते मुकाट्याने फळ्या धरत होते. दुपारी चहा आला तेव्हा कुणीतरी एक कप त्यांच्याही हातात दिला. मला तेवढं पुरेसं वाटलं.

माझं एक काम राहिलं होतं. सोमवारी वर्दीत रिक्षा स्टँडला गेलो, सगळ्या रिक्षावाल्यांच्या देखत त्याच्यासमोर उभा राहिलो आणि म्हटलं, "माझं चुकलं. मी तुला विनाकारण मारलं."

तो ओशाळला. "जाऊ द्या ना, साहेब. पोरी गेल्या ना शाळेत? सकाळी हात केला त्यांनी."

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं कुणी विचारलं तर तपासाच्या चार गोष्टी सांगता येतील. पोच घ्या, अक्षर बघा, सज्जन माणसाला कमी लेखू नका आणि जास्तही समजू नका. पण मनातलं बोलायचं तर ते वेगळं आहे. निवृत्तीच्या समारंभात मी बऱ्याच जणांचे आभार मानले, वरिष्ठांचे, सहकाऱ्यांचे, घरच्यांचे. त्या रिक्षावाल्याचं नाव घ्यायचं राहून गेलं, म्हणून आज हे लिहायला बसलो. त्या बुधवारी थप्पड खाल्ल्यावर त्याने "मला सोडा" असं म्हटलं असतं, तर मी त्याला लॉकअपमध्ये घालून जेवायला निघून गेलो असतो, आणि त्या मुलीचं शिक्षण सातवीतच संपलं असतं. दुसऱ्या कुणीही "मला सोडा" हेच म्हटलं असतं. त्याने मला शाळेत जायला सांगितलं. बाबा रे, जिथं असशील तिथं सुखी राहा. त्या अकरा पोरांना तू शाळेत पोचवलंस, मी नाही.