व्याह्यांची नानकटाई

माझ्या व्याह्यांइतका शांत आणि तरीही डोक्याला ताप देणारा माणूस मी उभ्या आयुष्यात दुसरा पाहिला नाही. माझ्या लेकीचे सासरे ते. जालन्याला मस्तगडात राहायचे. बायको आधीच वारलेली. कापसाच्या एका जिनिंगमध्ये मुनीम होते, सन एक्क्याऐंशी-ब्याऐंशीच्या सुमारास घरी बसले. घरी बसलेला पुरुष ओट्यावर पान खातो, नाहीतर सुनेच्या कामात खोड्या काढतो. व्याह्यांनी घरामागच्या बोळीत तेलाचे रिकामे डबे मांडले, त्यांत माती भरली आणि वांगी, मिरच्या, मेथी, जे हाताला येईल ते लावलं. कपड्यांच्या दोरीवर दोडके चढवले, मग कपडे वाळत घालायला जागा उरली नाही. न्हाणीचं पाणी झाडांना जायचं, म्हणून कुणी आंघोळीला बसलं की बाहेरून आवाज यायचा, "साबन बेतानं लावा, मेथी पिऊन राह्यली!" रोज सकाळी पानं उलटून कीड वेचायचे आणि डबीत भरून कोंबड्या पाळणाऱ्या शेजाऱ्याला नेऊन द्यायचे. भाजी मात्र मागणाऱ्याला बिलकुल द्यायचे नाहीत. न मागणाऱ्याच्या दारात गुपचूप ठेवून यायचे. मी कारण विचारलं तर म्हणाले, "मागनाऱ्याला बाजार हाय की."

दुसरं वेड भट्टीचं. दिवाळीच्या आधी आमच्याकडे लोक मैदा, साखर, तूप घेऊन बेकरीत जातात आणि नानकटाई भाजून आणतात. एका वर्षी गर्दीत व्याह्यांचा ट्रे बदलला आणि घरच्या तुपाच्या जागी वनस्पती तुपाची नानकटाई घरी आली. दुसरा माणूस खाऊन मोकळा झाला असता. हे तो ट्रे घेऊन गल्लोगल्ली फिरले, घरोघरी वास घेतला आणि आपला ट्रे शोधला. तोवर तो निम्मा संपला होता. त्या दिवसापासून बेकरी बंद. पत्र्याची एक पेटी केली, तळाला वाळू, खाली-वर निखारे. भट्टी तापली का ते पाहायला उजवा हात आत घालून आकडे मोजायचे. बाराला हात ओढावा लागला की भट्टी बराबर. त्या हातावर केस म्हणून उरला नव्हता. दिवाळीपुरतं ते थांबलं नाही, दर पंधरा दिवसांनी पेटी पेटायची.

आता माझं सांगते. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. माझ्या आईनं पाळली, मीही पाळत होते. केदारखेड्याहून बसनं जायचे, फडक्यात भाकर बांधून न्यायचे, पाणी शेजारच्या घरी प्यायचे. पाच वर्षं झाली, लेकीला मूल नव्हतं. मी काही विचारत नव्हते. भाकर मात्र बांधून नेत होते.

व्याह्यांना ते पाहवेना. एकदा वांग्याची रोपं घेऊन ते केदारखेड्याला आले आणि माझ्या परसात स्वतः लावून गेले. "ही वांगी तुमच्या मातीतली, इहीणबाई. हे तर खाशाल?" लागली तशी ती खाल्ली. मग म्हणाले, मैदा, साखर, तूप तुमच्या घरून आणा, मी नुसतं भाजतो. तेही नेलं. नानकटाई पुढ्यात आली, तर मी म्हणाले, "आन् भट्टीतला विस्तू? तो लेकीच्या घरचाच की." त्यांनी ट्रे मागं घेतला. पुढं त्यांचं कार्ड आलं, येताना पऱ्हाट्यांचा एक भारा आणावा. कापूस वेचून झाल्यावर उरतात त्या काड्या. मी भारा बसच्या टपावर टाकून नेला. कंडक्टर म्हणाला, "आजी, जालन्यात सरपन मिळत न्हाई का?"

पऱ्हाट्या पेटल्या, ट्रे आत गेला. मी पेटीकडं पाहून म्हणाले, "पत्रा तुमचाच हाय पन."

"मंग पेटी डोक्यावर घिऊन येता का पुढल्या खेपेला?" व्याही म्हणाले. मला हसू आलं. त्यांना आलं नाही. निखारे सारखे करत ते म्हणाले, "तुम्ही पानी न पिता उठून जाता ना, त्या दिवशी तुमची लेक जेवत न्हाई. पाच-सहा वर्सं पाहून राह्यलो. आमच्या घरात लेकराचं नाव कुनी कधी काढलं न्हाई. तुम्ही दर खेपेला काढता."

मला राग आला. मुनीम माणसानं मला रीत शिकवावी! बोलायला तोंड उघडलं आणि मागं पाहिलं. लेक दोडक्याच्या वेलाजवळ पाठमोरी उभी होती. तोडण्याजोगा एकच दोडका होता, तो केव्हाचा तिच्या हातात होता.

"पानी आन गं," मी म्हणाले.

तिनं तांब्या आणला. अर्धं पाणी माझ्या लुगड्यावर सांडलं, उरलेलं मी प्यायले. तेवढ्यात व्याह्यांनी घाईनं ट्रे ओढला. बोलण्याच्या नादात नानकटाई खालून करपली होती. "ही न्हाई, थांबा, दुसरी लावतो," ते म्हणाले.

"लावा," मी म्हणाले, आणि करपलेल्या दोन खाल्ल्या. कडू होत्या.

लेकीला मूल पुढंही झालं नाही. व्याही जाऊन बरीच वर्षं झाली. पेटीचा पत्रा गंजून गेला. तेलाच्या डब्यांत लेक अजून मेथी लावते आणि न मागणाऱ्यांच्या दारात ठेवून येते. मी गेले की उंबऱ्यातूनच पाणी मागते, तहान असो नसो.